नोकरी सांभाळून ‘स्वयम्’चा कोर्स: गोव्यातील कर्मचाऱ्यांसाठी अर्ज, पात्रता आणि कागदपत्रे

‘स्वयम्’ या ऑनलाइन कोर्सच्या सरकारी पोर्टलवर कोर्सला नाव नोंदवणे आणि त्याच कोर्सच्या परीक्षेचा अर्ज भरणे ही दोन वेगळी कामे आहेत. दोन्हींच्या मुदती वेगळ्या असतात. नोंदणी फुकट आणि दोन मिनिटांची. परीक्षेचा अर्ज नंतर उघडतो, त्याला शुल्क असते आणि तो न भरल्यास सगळे व्हिडिओ पाहून, सगळ्या असाइनमेंट करूनही प्रमाणपत्र मिळत नाही. नोकरी करणाऱ्या माणसाची मेहनत वाया जाण्याची सर्वांत मोठी जागा हीच, म्हणून ती सुरुवातीलाच सांगितली.

‘स्वयम्’ हे केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाचे पोर्टल. ९ जुलै २०१७ रोजी ते सुरू झाले. त्यावरचे अभियांत्रिकी, संगणक, व्यवस्थापन अशा विषयांचे कोर्स मुख्यतः एनपीटेलकडून येतात. आयआयटी आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचा हा उपक्रम २००३ पासून चालू आहे. पर्यटन, हिशेब, वाणिज्य, ग्रंथालयशास्त्र असे काही हवे असेल तर इग्नू (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) आणि इतर समन्वयक संस्थांचे, म्हणजे ‘स्वयम्’साठी कोर्स चालवणाऱ्या संस्थांचे, कोर्स पाहावेत. उद्योगांना लागणाऱ्या कौशल्यांसाठी २७ फेब्रुवारी २०२४ पासून ‘स्वयम् प्लस’ हा वेगळा विभागही उघडला आहे. वेर्ण्याच्या औषध कंपनीत गुणवत्ता विभागात काम करणारी मुलगी असो, कुंडईच्या कारखान्यातला स्टोअरकीपर असो की कळंगुटच्या हॉटेलातला फ्रंट ऑफिसवाला, प्रत्येकाच्या कामाला उपयोगी पडेल असे काही ना काही तिथे सापडते.

कोणाला करता येतो?

बहुतेक कोर्सना वयाची अट नाही आणि शिक्षणाची सक्तीची अटही नाही. नोकरीत आहात, शिकत आहात की घरी आहात, हे कोणी विचारत नाही. मात्र प्रत्येक कोर्सच्या पानावर ‘आधी काय येत असावे’ हे लिहिलेले असते. ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. संख्याशास्त्र विसरून गेलेल्या माणसाने थेट डेटा विश्लेषणाचा १२ आठवड्यांचा कोर्स घेतला तर तिसऱ्या आठवड्यात तो सोडून देण्याची वेळ येते. अशा वेळी आधी ४ आठवड्यांचा पायाभूत कोर्स घ्यावा.

भाषेची अडचण खरी आहे. व्याख्याने बहुतांशी इंग्रजीत असतात. एनपीटेलने बऱ्याच कोर्सच्या व्याख्यानांचा मजकूर मराठीसह इतर भारतीय भाषांत उपलब्ध केला आहे; आपल्या कोर्सला तो आहे का, हे नोंदणीपूर्वी पाहून घ्यावे. मराठी माध्यमातून शिकलेल्या कामगारांना कोर्स सुचवताना एचआरने तरी ही तपासणी स्वतः करावी.

कोणते सत्र घ्यावे?

वर्षात दोन सत्रे असतात, जानेवारी आणि जुलै. गोव्यात ही निवड फार महत्त्वाची ठरते. हॉटेल, टॅक्सी, रेस्टॉरंट, टूर ऑपरेटर यांच्याकडे काम करणाऱ्यांनी जुलैचेच सत्र घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. जानेवारीत सीझन ऐन भरात असतो, मागोमाग कार्निव्हल आणि शिगमो येतात, आणि रोस्टर कधी बदलेल याचा नेम नसतो. जुलैमध्ये पाऊस, पर्यटक कमी, पाळ्या सैल. त्यातही ८ आठवड्यांचा कोर्स निवडावा. तो साधारण सप्टेंबरमध्ये संपतो आणि सीझन अंगावर यायच्या आत अभ्यास उरकतो. १२ आठवड्यांचा कोर्स ऑक्टोबरपर्यंत लांबतो. कारखाने आणि कार्यालये बारमाही सारखीच चालतात, त्यांना दोन्ही सत्रे चालतील.

जुलै सत्रात एक गोष्ट आडवी येते, ती म्हणजे चवथ. घरात गणपती असताना लॅपटॉप उघडून असाइनमेंट करा, असे गोव्यात कोणालाही सांगता येणार नाही, आणि तशी गरजही नाही. एनपीटेलमध्ये ८ आठवड्यांच्या कोर्सला सर्वोत्तम ६ असाइनमेंटचे गुण धरतात, १२ आठवड्यांच्या कोर्सला सर्वोत्तम ८, तर ४ आठवड्यांच्या कोर्सला सर्वोत्तम ३. म्हणजे चवथीचा एक आठवडा सोडला तरी गुण घटत नाहीत. फक्त ही सवलत आधीच्या आठवड्यांत आळसापायी वापरून टाकू नका. असाइनमेंटची मुदत बहुधा बुधवारी रात्री संपते, आणि पावसाळ्यात आपल्याकडे नेमकी त्याच रात्री वीज जाऊ शकते. म्हणून मंगळवारपर्यंत पाठवून मोकळे व्हावे.

कार्यालयाची परवानगी

पोर्टलला तुमच्या मालकाचे कोणतेही पत्र लागत नाही. पण लेखी परवानगी आधी घ्यावी, कारण वेळ आणि रजा कार्यालयच देणार आहे. एनपीटेलच्या ८ आठवड्यांच्या कोर्समध्ये साधारण २० तासांचे व्हिडिओ असतात, म्हणजे आठवड्याला अडीच तास. त्यावर वाचन आणि असाइनमेंट. आठ तासांची पाळी करून, वर म्हापशाहून वेर्ण्यापर्यंत ये-जा करून हे सगळे रात्री घरी कर, असे कर्मचाऱ्याला सांगणे अन्यायाचे आहे. शिकणे कामासाठी असेल तर त्यातला काही वेळ कामाच्या तासांत मिळालाच पाहिजे. अर्ज असा करता येईल:

‘मी आपल्या आस्थापनात … विभागात … या पदावर काम करतो/करते. स्वयम् पोर्टलवरील … हा … आठवड्यांचा कोर्स मला … सत्रात करावयाचा आहे. माझ्या … या कामाशी त्याचा थेट संबंध आहे. त्यासाठी आठवड्यातून दोन तास कामाच्या वेळेत अभ्यासाची सवड, परीक्षेच्या दिवशी पाळीत बदल किंवा पगारी रजा, आणि परीक्षा शुल्काची भरपाई मिळावी, ही विनंती. कोर्सची माहिती व परीक्षेची तारीख सोबत जोडली आहे.’

रिकाम्या जागी ‘माझ्या कामाशी संबंध’ नेमका लिहा. ‘ज्ञानवृद्धीसाठी’ असे लिहिलेला अर्ज साहेबांच्या टेबलावरच राहतो. ‘स्टॉकचा मासिक ताळमेळ एक्सेलवर करतो, त्यात चुका होतात, त्यासाठी’ असे लिहिलेला अर्ज पुढे सरकतो.

भरपाईबाबत मालकांना एक आग्रहाचे सांगणे आहे. शुल्क ‘पास झालास तरच’ देऊ नका. परीक्षेला बसला, हजेरी लागली, तर द्या. हजार रुपयांच्या आसपासच्या रकमेसाठी कमी पगाराच्या माणसाच्या मनात नापास होण्याची भीती घातली तर तो अर्जच करणार नाही. हा खर्च सीएसआरमध्ये, म्हणजे कंपनीच्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या खर्चात, मात्र दाखवता येत नाही. फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचा उपक्रम त्या नियमांत बसत नाही.

नोंदणी आणि परीक्षेचा अर्ज

पोर्टलवर खाते उघडायला चालू ईमेल आणि मोबाइल क्रमांक लागतो. कंपनीचा ईमेल देऊ नका, स्वतःचा द्या. नोकरी बदलली की कंपनीचा ईमेल बंद होतो आणि प्रमाणपत्राचे खाते त्यासोबत जाते. खाते उघडल्यावर कोर्सच्या पानावर जाऊन ‘जॉइन’ करा. परीक्षेचा अर्ज सत्र सुरू झाल्यावर उघडतो आणि त्याची सूचना ईमेलवर येते. ती शेवटची तारीख त्याच दिवशी मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका.

एनपीटेलच्या परीक्षेचे शुल्क अलीकडच्या सत्रांत एका कोर्सला १,००० रुपये राहिले आहे. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना ते निम्मे, ५०० रुपये. गावडा, कुणबी आणि वेळीप समाज २००३ पासून गोव्यात अनुसूचित जमातीत आहेत, तेव्हा या समाजातील कर्मचाऱ्यांना ही सवलत लागू होते आणि ती जरूर घ्यावी. त्यासाठी जातीचा दाखला हाताशी हवा. शेवटच्या आठवड्यात काढायला धावलात तर मुदत निघून जाईल.

परीक्षेच्या अर्जाला लागणारी कागदपत्रे अशी: अलीकडचा फोटो, सही, फोटो असलेले ओळखपत्र (आधार, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, वाहन परवाना यांपैकी), आणि सवलत घेत असल्यास जातीचा किंवा दिव्यांगत्वाचा दाखला. फोटो आणि सही स्कॅन करून ठरलेल्या आकारात आधीच तयार ठेवा.

नावाचे स्पेलिंग हा गोव्यात खास सांभाळण्याचा मुद्दा. देसाई एका ‘एस’ने की दोन, गावकर कसे लिहायचे, फर्नांडिस की फर्नांडिझ, आईवडिलांची नावे मध्ये घालायची की नाही, यात एकाच माणसाची जन्मदाखला, आधार आणि पासपोर्ट यांवरची नावे वेगळी निघतात. अर्जात जे नाव भराल तेच प्रमाणपत्रावर छापून येते. नोकरीच्या नोंदीत जे नाव आहे तेच ठेवा, आणि परीक्षेला नेणार त्या ओळखपत्रावरही तेच आहे याची खात्री करा.

परीक्षेचे शहर अर्जातल्या यादीतून निवडायचे असते. लवकर अर्ज केला की जवळचे केंद्र मिळण्याची शक्यता जास्त. परीक्षा केंद्रावर जाऊनच द्यावी लागते, घरून नाही, आणि एनपीटेलची परीक्षा शनिवार-रविवारी असते. सुट्टीच्या दिवशी काम असणाऱ्या हॉटेल कर्मचाऱ्यांनी म्हणूनच रजेचा उल्लेख परवानगीच्या अर्जात करायचा. हॉल तिकिटाची छापील प्रत आणि मूळ ओळखपत्र सोबत न्या.

पास कसे व्हायचे?

एनपीटेलमध्ये असाइनमेंटला २५ आणि परीक्षेला ७५ गुण. प्रमाणपत्रासाठी असाइनमेंटमध्ये किमान १० आणि परीक्षेत किमान ३० हवेत, दोन्ही स्वतंत्रपणे. एकूण ६० किंवा अधिक असतील तर ‘एलिट’ शेरा मिळतो. ७५ वर रौप्य, ९० वर सुवर्ण. इतर समन्वयक संस्थांच्या कोर्सची परीक्षा एनटीए (राष्ट्रीय परीक्षा संस्था) घेते, आणि तिथे गुणांची विभागणी वेगळी असते. ती कोर्सच्या पानावर वाचावी.

सरकारी नोकरीत असाल तर

सरकारी कर्मचाऱ्यांसाठी ‘आयगॉट कर्मयोगी’ हे वेगळे व्यासपीठ आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ सप्टेंबर २०२० रोजी मंजूर केलेल्या मिशन कर्मयोगी या सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षण कार्यक्रमाचा तो भाग. तिथले कोर्स लहान, बरेचसे काही तासांचे, आणि केंद्रावर जाऊन परीक्षा नाही. तिथले लॉगिन आपल्या सरकारी खात्याच्या प्रशासन शाखेमार्फत किंवा तिच्या मान्यतेने जोडले जाते, म्हणून आधी तिथेच विचारावे. प्रत्यक्ष वर्गातले प्रशिक्षण जुने गोवे येथील एला भागातील जीआयपीएआरडी (गोवा लोकप्रशासन आणि ग्रामीण विकास संस्था) येथे चालते. ऑनलाइन कोर्स त्याची जागा घेत नाही.

प्रमाणपत्र आल्यावर

एनपीटेलच्या ई-प्रमाणपत्रावर क्यूआर कोड असतो. एचआरने तो स्कॅन करून खातरजमा करावी आणि प्रत कर्मचाऱ्याच्या फाइलला लावावी. आयएसओ ९००१ हे गुणवत्ता व्यवस्थापनाचे प्रमाणपत्र घेतलेल्या कंपन्यांना कर्मचाऱ्यांच्या सक्षमतेचे पुरावे जपून ठेवावेच लागतात, तिथे हा कागद उपयोगी पडतो. औषध कंपन्यांनी मात्र एक लक्षात ठेवावे. २८ डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेने सुधारलेल्या शेड्यूल एमनुसार (औषध उत्पादनाच्या दर्जाचे नियम) कर्मचाऱ्याला त्याच्या नेमक्या कामाचे प्रशिक्षण देऊन त्याची नोंद ठेवायची असते. ऑनलाइन कोर्स त्याला पूरक आहे. एसओपीवरचे (कामाच्या ठरवून दिलेल्या लेखी पद्धतीवरचे) प्रशिक्षण त्यामुळे माफ होत नाही. प्रशिक्षण नोंदवहीत कोर्सचे नाव, कालावधी आणि गुणांसोबत ‘कामात काय बदल झाला’ असा एक रकाना ठेवा, आणि तो तीन महिन्यांनी विभागप्रमुखाने कर्मचाऱ्याशी बोलून भरावा.