संतुलित आहार
शरीराला लागणारी ऊर्जा आणि पोषकद्रव्ये गरजेपुरती, उणी नाहीत आणि अतीही नाहीत, अशा प्रमाणात पुरवणारा आहार. प्रत्येक जेवणात हा तोल साधायलाच हवा असे नाही. काही दिवसांचे खाणे मिळून तो साधला तरी चालते.

कर्बोदके व प्रथिने यांच्या एका ग्रॅमपासून सुमारे ४ किलोकॅलरी ऊर्जा मिळते, तर स्निग्ध पदार्थांपासून ९. तेलाचा हात जरा सैल सुटला की ऊर्जेचा हिशेब चुकतो तो यामुळेच. प्रथिनांच्या बाबतीत प्रमाणाइतकाच मेळही महत्त्वाचा. प्रथिने अमिनो आम्लांची बनलेली असतात. धान्यांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, डाळींत मेथिओनिन. दोन्ही खाण्यात असली की एकीची उणीव दुसरी भरून काढते. क जीवनसत्त्वामुळे वनस्पतिजन्य लोह अधिक शोषले जाते, चहामुळे कमी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशींनुसार प्रौढांनी मीठ रोज ५ ग्रॅमपेक्षा कमी घ्यावे. मुक्त शर्करेतून, म्हणजे मुख्यतः पदार्थांत वरून घातलेल्या साखरेतून, येणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी. ५ टक्क्यांच्या आत राहिल्यास उत्तम. मध आणि फळांचा रसही या मुक्त शर्करेतच मोडतात, अख्खे फळ मात्र नाही. वाचणाऱ्याच्या नजरेतून नेमके हेच निसटते. फळे व भाज्या मिळून दिवसाला किमान ४०० ग्रॅम हव्यात. बटाट्यासारखे पिष्टमय कंद त्यात धरत नाहीत.

पोषकद्रव्यांच्या तक्त्यांतले आकडे बहुधा चुकीच्या अर्थाने वाचले जातात. जीवनसत्त्वे, खनिजे, प्रथिने यांचे शिफारस केलेले प्रमाण सरासरी गरजेइतके नसते; सुमारे ९७ ते ९८ टक्के निरोगी लोकांची गरज भागेल इतके ते मुद्दाम वर ठेवलेले असते. त्यामुळे एखाद्याचे खाणे त्याहून थोडे कमी भरले, तर लगेच कमतरता ठरत नाही. ऊर्जेचा आकडा मात्र सरासरीवरच बेततात, कारण जादा ऊर्जा चरबी होऊन साठते.

या शिफारशी चित्ररूपात मांडण्याची पद्धत जुनी आहे. स्वीडनमध्ये १९७४ साली अन्न-पिरॅमिड (कोणते अन्न किती खावे हे थरांतून दाखवणारा त्रिकोण) आला, अमेरिकेत १९९२ साली. अमेरिकेने २०११ मध्ये त्याच्या जागी ताटाचे चित्र आणले; त्यातला अर्धा भाग फळे व भाज्यांचा होता. पिरॅमिडपेक्षा ताट समजायला सोपे, हे उघड आहे.

सर्वसाधारण शिफारशी निरोगी व्यक्तींसाठी असतात. पहिले सहा महिने बाळाला केवळ स्तनपान पुरते. गरोदरपणी लोह व फोलेट (ब गटातील एक जीवनसत्त्व) यांची गरज वाढते. मूत्रपिंडाच्या विकारात प्रथिने, मीठ आणि पोटॅशियम यांचे प्रमाण वैद्यकीय सल्ल्याने ठरवावे लागते. प्राणिजन्य पदार्थ पूर्णपणे टाळणाऱ्यांना ब-१२ जीवनसत्त्व पूरक गोळ्यांतून किंवा ते मिसळलेल्या खाद्यपदार्थांतून घ्यावे लागते.