भोंग्याचा गळा आणि त्यामागचा पडदा

ठाण्यात खारकर आळीतल्या एका मंडपवाल्या काकांच्या गाळ्यात लाउडस्पीकरचे आठ-दहा जुने कर्णे, म्हणजे भोंगे, अजून भिंतीला टांगलेले आहेत. रंग उडालाय, कडा चेपल्यात. गणपती जवळ आले की ते खाली उतरतात. त्यातलं एक बंद पडलेलं युनिट (कर्ण्यामागचा, आवाज काढणारा भाग) मी गेल्या आठवड्यात घरी आणून उघडलं. कॉइल जळलेली नव्हती, मीटरवर व्यवस्थित वाचन येत होतं. पडदा मात्र कडेने अर्धा गोल फाटलेला. तो का फाटला, याचं उत्तर द्यायचं तर शंभराहून जास्त वर्षं मागे जावं लागतं.

आधी आत काय असतं ते पाहू. मागचं झाकण काढलं की तपकिरी, कडक, घुमटासारखा पडदा दिसतो. राळेत भिजवून साच्यात दाबलेलं कापड असतं ते. त्याच्या कडेला बारीक तारेची कॉइल चिकटवलेली, आणि ती लोहचुंबकाच्या जेमतेम मिलिमीटरभर रुंद गोल खाचेत बसते. प्रवाह वाहिला की कॉइल हलते, सोबत पडदा हलतो. इथवर घरातल्या रेडिओचा स्पीकरही असाच असतो. फरक पुढे आहे. या पडद्यासमोर मोकळी हवा नसते. त्याला जवळजवळ चिकटून धातूचा एक ठोकळा असतो, ठोकळ्यात अरुंद चिरा, आणि चिरांपलीकडे इंचभराचा गळा. मोठ्या पडद्याने ढकललेली सगळी हवा त्या लहान वाटेने दाबून निघते, म्हणून याला कंप्रेशन ड्रायव्हर म्हणतात.

तो ठोकळा मला या सगळ्या यंत्रातला सर्वांत देखणा भाग वाटतो. १०,००० हर्ट्झच्या (सेकंदाला दहा हजार कंपनांच्या) आवाजाची तरंगलांबी साधारण ३.४ सेंटिमीटर. पडद्याच्या मध्यातून निघालेला आवाज आणि कडेचा आवाज यांच्या वाटांत १.७ सेंटिमीटरचा फरक पडला, तर गळ्याशी पोचेपर्यंत दोघे एकमेकांना खाऊन टाकतात. चिरा अशा कापलेल्या असतात की पडद्याच्या कुठल्याही भागातून निघालेल्या आवाजाला सारखंच अंतर चालावं लागतं.

एवढा खटाटोप का, तर सुरुवातीच्या काळात अॅम्प्लिफायरचे वॅट फार महाग होते. हात हवेत हलवला तर काही जाणवत नाही, पाण्यात हलवला तर जोर लागतो. पडद्याचंही तसंच आहे. मोकळ्या हवेत तो नुसता फडफडतो आणि विजेतला एखादा टक्काच आवाजात उतरतो. कर्णा पडद्यापुढे हवेचं वजन उभं करतो आणि मग हळूहळू पसरत ते मोकळ्या हवेशी जुळवून देतो. ग्रामोफोनच्या सुईचा क्षीण आवाज खोलीभर जायचा तो याच युक्तीने.

विजेवर चालणाऱ्या कर्ण्याची मोठी सुरुवात कॅलिफोर्नियात झाली. पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनी १९१५ मध्ये आपल्या हलत्या कॉइलच्या यंत्राला ग्रामोफोनसारखा कर्णा जोडून दाखवला आणि त्याला मॅग्नावॉक्स नाव दिलं. १९१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन सॅन दिएगोत काचेच्या खोलीत उभे राहून बोलले आणि पन्नास हजारांच्या वर माणसांनी ते ऐकलं. त्याच वर्षी आर्थर वेबस्टर यांचं कर्ण्याचं समीकरण छापून आलं. १९२४ मध्ये हॅना आणि स्लेपियन यांनी कर्ण्याचा आकार कसा हवा ते मांडलं: ठरावीक अंतर चाललं की प्रत्येक वेळी क्षेत्रफळ दुप्पट.

मग बोलपट आले. बेल प्रयोगशाळेत वेंट आणि थुरास यांनी १९२६ मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा ५५५ हा ड्रायव्हर घडवला. पडदा पातळ अॅल्युमिनियमचा, कॉइल अॅल्युमिनियमच्या पट्टीची, उभ्या कडेवर गुंडाळलेली. पुरेसे जोरदार कायमचे चुंबक तेव्हा मिळत नसल्याने ७ व्होल्ट, दीड अँपिअरवर चालणारं विद्युतचुंबक. विजेतला सुमारे निम्मा भाग आवाजात उतरायचा. म्हणूनच काही वॅटच्या अॅम्प्लिफायरवर अख्खं थिएटर भरायचं. पुढे १९३६ मध्ये एमजीएम या चित्रपट कंपनीच्या डग्लस शिअरर यांची दोन भागांतली, खालच्या आणि वरच्या सुरांना वेगळे स्पीकर देणारी रचना आली, तिच्यात स्पीकर बनवणाऱ्या जेम्स लान्सिंग यांचा हात होता. १९४५ मध्ये अल्टेक कंपनीचा ‘व्हॉइस ऑफ द थिएटर’ हा थिएटरचा स्पीकर आला. कायमची चुंबकं सुधारली आणि विद्युतचुंबक मागे पडलं. घरांमध्ये मात्र राइस आणि केलॉग यांचा १९२५ चा कागदी कोनाचा स्पीकर पसरला, तो सुटसुटीत आणि स्वस्त होता.

आपला भोंगा याच घराण्यातला आहे. लोक त्याला कर्कश म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं, कारण तो एका कामासाठी बेतलेला आहे. कर्णा किती खालच्या सुरापर्यंत पडद्यापुढे हवेचं वजन उभं करेल, हे त्याच्या तोंडाच्या घेरावर आणि पसरण्याच्या वेगावर ठरतं. तोंडाचा घेर तरंगलांबीएवढा हवा. ३०० हर्ट्झला तो १.१४ मीटर होतो, म्हणजे व्यास ३६ सेंटिमीटर, चौदा इंच. क्षेत्रफळ साधारण दर सव्वासहा सेंटिमीटरला दुप्पट करत इंचभर गळ्यापासून तिथवर जायचं तर अर्धा मीटर लांबी लागते. तीच लांबी दोनदा दुमडली की कर्णा आटोपशीर होतो आणि ठाण्याच्या पावसातही पाणी सहसा पडद्यापर्यंत जात नाही. माणसाचं बोलणं समजायला जे सूर लागतात ते यात नीट मावतात. हरवलेल्या मुलाची सूचना, आरतीची वेळ, व्यासपीठावरचं भाषण तलावपाळीच्या गर्दीतही स्पष्ट पोचतं.

पण शंभर हर्ट्झचा सूर कर्ण्यातून नीट काढायचा तर एक मीटरच्या वर व्यासाचं तोंड हवं. चौदा इंची कर्ण्यात शंभर हर्ट्झ घातले तर पडद्यापुढचं हवेचं वजनच नाहीसं होतं. पडदा मोकळा सुटतो, मर्यादेबाहेर झुलतो, शेवटी कडेने फाटतो, आणि आवाज तर येतच नाही.

युनिट परत द्यायला गेलो तेव्हा काकांना विचारलं, “काका, गेल्या वर्षी पोरांनी बेस वाढवला होता का हो?”

“वाढवणारच. म्हणाले, ढोलकी ऐकूच येत नाही.”

नवा पडदा बसवलाय. युनिट सोळा ओहमचं आहे, म्हणून तारेत ओळीने ३३ मायक्रोफॅरडचा, दोन्ही दिशांना चालणारा कपॅसिटर जोडलाय, तो खालचे सूर अडवतो. त्यामुळे ३०० हर्ट्झच्या खाली जाऊ तसं पडद्यापर्यंत कमी कमी पोचेल. ढोलकी बॉक्स स्पीकरवर घ्यायची, कर्ण्यावर फक्त माईक, असं काकांनी गाळ्याच्या फळीवर खडूने लिहून ठेवलंय.