पत्र्यावरचे दगड काय कामाचे?

एप्रिल-मेमध्ये सांगली जिल्ह्यातल्या जत, आटपाडी, कवठेमहांकाळ भागात वळीव येतो तो वारा पुढे घालूनच. ढगातून सुटलेल्या पावसाचे थेंब खालच्या कोरड्या हवेत वाटेतच आटतात. त्याने हवा गार आणि जड होते, खाली आदळते आणि जमिनीलगत चहूकडे पसरते. धुळीचा लोट आणि पाठोपाठ गार झोत आला, की आवराआवरीला हातात जेमतेम काही मिनिटे असतात.

या वाऱ्यात छपराचा पत्रा दबून मोडत नाही, उचलला जातो. छपराच्या कडेवरून वारा वेगाने वळतो, तिथे दाब कमी होतो आणि पत्रा वर ओढला जातो. वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, 0.6 ने गुणा. दर चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. ताशी 72 किलोमीटरला तो सुमारे 24 किलो वजनाइतका भरतो, 108 ला 55 किलो. वेग दीडपट, जोर सव्वादोनपट. दहा फूट लांब, साडेतीन फूट रुंद, अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे स्वतःचे वजन तेरा-चौदा किलो. त्याला 108 च्या वाऱ्यात पावणेदोनशे किलोच्या आसपास जोराने वर ओढ बसू शकते, कोपऱ्यात याहून जास्त. वर ठेवलेल्या चार दगडांनी काय होणार? उलट तेच दगड अंगणात येऊन पडतात.

पत्रा सुटायची सुरुवात बहुधा कडेला होते. म्हणून कडेच्या ओळीला पत्र्याच्या प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू हवा, मध्ये एक सोडून एक चालतो. पत्रा खालच्या पाइपला एकाच बाजूने अडकवणारा जे-हुक ओढ बसली की सरळ होतो; पाइपला दोन्ही बाजूंनी धरणारा यू-बोल्ट जास्त टिकतो. स्क्रू सैल असेल तर पत्रा फडफडून भोक लांबट होते, अती आवळला तर रबरी वॉशर चिरतो. वळचण दीड फुटाच्या आत ठेवा. आणि पत्र्याखालचा लोखंडी अँगल वरच्या दोन थर विटांत नुसता रोवलेला असेल, तर चांगले स्क्रूही कामाचे नाहीत. पत्र्यासकट सांगाडाच जातो. अँगल भिंतीतल्या काँक्रीट पट्ट्यात गाडलेल्या सळईला जोडलेला असावा.

वारा सुटल्यावर त्याच्या तोंडाकडची दारे-खिडक्या, दुकानाचे शटर बंद करा. आत शिरलेला वारा पत्रा खालूनही ढकलतो.

वादळ सरल्यावर घाई जिवावर बेतते ती विजेच्या तारांमुळे. द्राक्षबागेत तर फारच. मांडव म्हणजे लोखंडी अँगल आणि तारांचे जाळे. बांधावरची वीजतार एका टोकाला टेकली तरी प्रवाह पार दुसऱ्या टोकाला पोहोचू शकतो. तार दिसत नसली तरी मांडवाला, त्याला ओढून धरणाऱ्या ओल्या ताणाच्या तारेला हात लावू नका. तुटलेल्या तारेपासून किमान 10 मीटर लांब राहा आणि 1912 वर कळवा. दिवे गेलेत म्हणजे तार मेली असे नाही, पुरवठा कधीही सुरू होतो. घरातला मेन स्विच पाडून ठेवा. ओल्या पत्र्यावर त्या दिवशी चढूच नका.

आवरण्याआधी फोटो काढा: घराचा पूर्ण, मग उडालेला पत्रा, मोडलेला अँगल, भिजलेले धान्य किंवा बेदाणा. मग ग्राम महसूल अधिकाऱ्यांना (पूर्वीचे तलाठी) कळवून पंचनामा करून घ्या. दुमडलेला पत्रा ठोकून सरळ केला तरी घडीवरचा जस्ताचा थर फुटलेला असतो, तिथूनच तो गंजतो. असे पत्रे गोठ्याच्या आडोशाला लावा, छपरावर नकोत. धड राहिलेला पत्रा परत टाकताना जुन्या लांबट भोकात स्क्रू न मारता शेजारच्या उंचवट्यावर नवे भोक पाडा आणि जुने सीलंटने बुजवा.