गच्चीवरचा लेप आणि मराठवाड्याचे ऊन

मे महिन्याच्या अखेरीस मराठवाड्यातल्या रंगाच्या दुकानांत गर्दी वाढू लागते. मृग तोंडावर आलेला असतो, मागच्या पावसाळ्यातली ओल खोलीच्या छतावर पिवळट डागांनी उमटलेली असते आणि येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, “गळतीवर चांगला डबा कोणता?” या प्रश्नाला नेमके उत्तर देता येत नाही, कारण स्लॅबवर उत्तम ठरणारा लेप पत्र्यावर निकामी ठरतो आणि माळवदावर, म्हणजे लाकूड-मातीच्या जुन्या छतावर, तर चक्क घातक ठरतो. आपले छत कशाचे आहे, ते दिवसभरात किती हलते आणि त्यावर पाणी कुठे साचते, हे कळल्याशिवाय डब्याला हात घालू नये.

छत हलते हे ऐकून अनेकांना नवल वाटते. काँक्रीट तापले की प्रसरण पावते. दहा मीटर लांबीचा स्लॅब ३० अंशांनी तापला तर तो सुमारे ३ मिलिमीटर लांबतो आणि रात्री निवला की तेवढाच आखडतो. परभणी-नांदेडकडे हवेचा पारा ४२-४३ अंशांवर गेलेला असतो, तेव्हा उघड्या स्लॅबचा पृष्ठभाग ६० अंशांपर्यंत पोहोचलेला असतो. अशा तापलेल्या गच्चीवर वळवाची सर कोसळली की वरचा थर काही मिनिटांत थंड होऊन आखडू पाहतो, खालचा थर मात्र अजून तापलेला आणि फुगलेलाच असतो. काँक्रीट दाब पुष्कळ सोसते, पण ताण त्याला सोसत नाही, म्हणून वरच्या थरात केसासारख्या बारीक भेगा पडतात. कोकणात अडीच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आपल्याकडे साधारण सातशे-आठशे. तरीही आपल्या गच्च्या गळतात, याचे मोठे कारण हे ऊन आहे. लेपाला वर्षातले आठ महिने उन्हाशी झुंजावे लागते आणि त्यानंतर पावसाची परीक्षा द्यावी लागते.

या भेगा नुसत्या डोळ्यांना सहज दिसत नाहीत. त्या शोधण्याची एक जुनी आणि खात्रीची रीत अशी आहे, की सायंकाळी गच्ची झाडून तिच्यावर बादलीभर पाणी पसरावे आणि ते वाळत असताना बाजूला बसून पाहावे. सपाट भाग भराभर पांढुरका होतो, पण भेगेत शिरलेले पाणी उशिरा वाळते, त्यामुळे जिथे भेग आहे तिथे काळसर रेघ मागे उरते. ती रेघ उमटताक्षणी खडूने आखून घ्यावी. बहुतेक घरांत अशा रेघा पाण्याच्या टाकीच्या पायाभोवती, नळ वर येतो तिथे आणि कठडा व स्लॅब यांच्या सांध्यावर सापडतात. गळतीचे मूळ तिथेच असते, त्यामुळे मधल्या मोकळ्या गच्चीवर कितीही रंग ओतला तरी तिथून ठिबकणारे पाणी थांबत नाही.

आता लेपाच्या जाडीकडे वळू, कारण सर्वाधिक फसगत इथे होते. डब्यावर ‘पाचपट ताणला जाणारा’ असे लिहिलेले असते आणि ते बहुधा खरेही असते. परंतु भेगेच्या दोन्ही काठांना लेप घट्ट चिकटलेला असतो, त्यामुळे भेग रुंदावली की ताण सगळ्या लेपात विभागला जात नाही, तो नेमका भेगेवरच्या अरुंद पट्टीत एकवटतो. ही पट्टी ढोबळमानाने लेपाच्या जाडीएवढीच असते. लेप ०.१ मिलिमीटर जाड असेल आणि भेग ०.३ मिलिमीटर उघडली, तर त्याला मूळच्या तिप्पट लांबी नव्याने ताणावी लागते. उन्हाने दोन वर्षे भाजलेल्या लेपाला ते जमत नाही. तोच लेप १ मिलिमीटर जाड असेल तर हा ताण तीस टक्क्यांवर येतो. भेगेवर इंचभर रुंदीची न चिकटणारी पट्टी ठेवून तिच्यावरून जाळीसह लेप दिला तर ताण इंचभर लांबीत पसरतो आणि सव्वा टक्क्याच्या आसपास राहतो. म्हणूनच चांगला कारागीर मोठ्या भेगांवर आधी पट्टी आणि जाळी देतो व मग ब्रश उचलतो.

हिशेब प्रत्येकाला करता येण्याजोगा आहे. एक चौरस मीटरवर एक लिटर द्रव पसरला की त्याचा ओला थर बरोबर एक मिलिमीटरचा होतो, आणि पाण्यावर आधारलेल्या बहुतेक लेपांत निम्म्याच्या आसपास पाणी असल्याने वाळल्यावर त्याचा साधारण अर्धा मिलिमीटर उरतो. एक हजार चौरस फूट म्हणजे ९३ चौरस मीटर गच्चीवर २० लिटरची एकच बादली ओढली, तर वाळलेला थर जेमतेम वहीच्या कागदाइतका होतो. एक मिलिमीटर जाडी हवी असेल तर त्याच बादलीत शंभर-एकशे दहा चौरस फूट एवढेच क्षेत्र नीट होते. एवढा खर्च झेपत नसेल तर सगळ्या गच्चीवर पातळ हात मारण्यापेक्षा सांधे आणि भेगा यांवर पुरेशी जाडी द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्या स्लॅबवर फारशी वर्दळ नाही आणि ज्याचा उतार चांगला आहे, म्हणजे शंभर सेंटिमीटरला किमान एक सेंटिमीटर, तिथे पांढरा ॲक्रिलिक लेप मराठवाड्यासाठी फार योग्य आहे. तो ऊन चांगले सोसतो, आतली वाफ थोडीफार बाहेर जाऊ देतो आणि नवा असताना सूर्याची बहुतांश ऊर्जा परत फेकतो. स्लॅब कमी तापतो, म्हणून कमी हलतो आणि भेगाही कमी पडतात. धुळीने त्याची शुभ्रता उतरते, त्यामुळे उन्हाळ्याच्या सुरुवातीला तो धुऊन घ्यावा. त्याचा दोष एवढाच, की खळग्यात पाणी आठवडाभर साचून राहिले तर तो मऊ पडून सुटू लागतो. उतार सुधारणे शक्य नसेल तर पॉलियुरेथेन घ्यावे. ते साचलेल्या पाण्याला दाद देत नाही. मात्र त्यातले उन्हात टिकणारे प्रकार महाग असतात आणि स्वस्त प्रकार उघडे ठेवले तर पिवळे पडून भुकटी सोडतात. उघडे डांबर मला आपल्या भागासाठी मुळीच पटत नाही, कारण काळ्या रंगाने छत आणखी तापते आणि काही उन्हाळ्यांत डांबर कडक होऊन तडकते.

ज्या गच्चीवर कुरडया-पापड वाळतात, बाजा ओढल्या जातात आणि उन्हाळ्यात सगळे घर झोपायला येते, तिथे उघडा लेप खरवडून निघणारच. अशा ठिकाणी सिमेंट आणि पॉलिमर यांचा दोन भागांचा लेप देऊन त्यावर फरशी किंवा विटांच्या तुकड्यांचा कोबा करावा आणि कठड्याच्या कडेला गोलसर वाटा, म्हणजे कोपरा भरून केलेली गोलाई, काढावा. मात्र चार इंची कोब्याचे वजन चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास जाते, म्हणून जुन्या कोब्यावर दुसरा कोबा चढवू नये.

लोखंडी गर्डरवर शहाबादी फरशी टाकलेली छते लातूर-नांदेडकडे पुष्कळ आहेत. दगडातून पाणी येत नाही, ते सांध्यांतून येते; म्हणून सांधे कोरून लवचिक सीलंटने भरावेत. पत्र्याच्या छतातही दोष बहुधा पत्र्याचा नसतो. स्क्रूखालचा रबरी वायसर उन्हाने चिरून गेलेला असतो. तो बदलावा, गंज काढून प्रायमर द्यावा आणि मगच लवचिक पांढरा लेप लावावा. सिमेंटचा लेप पत्र्यावर टिकत नाही. जुने सिमेंटचे पत्रे मात्र कोरडे असताना कधीही घासू नयेत, कारण त्यांत ॲस्बेस्टॉस असते आणि त्याचे तंतू श्वासाबरोबर फुप्फुसात जातात.

माळवदाविषयी सावधपणे लिहिले पाहिजे. तुळया, फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा थर अशी ही रचना आतली ओल वरून बाहेर टाकत जगते. तिच्यावर हवाबंद लेप दिला की ओल आत कोंडते आणि तुळया कुजू लागतात. गळती थांबावी म्हणून पिढ्यानपिढ्या नवी माती वर टाकली गेली. एका इंचाच्या मातीचे वजन चौरस मीटरला सुमारे ४० किलो असते, म्हणजे दोन फूट मातीचा भार एक टनाच्या घरात जातो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती ढासळल्या आणि असा भार झोपलेल्या माणसांवर आला. म्हणून माळवदाची गळती थांबवताना माती वाढवू नये. अभियंत्याला दाखवून ती कमी करावी आणि पन्हळी मोकळ्या ठेवाव्यात.

आमच्या घरी एकदा घाईने जूनच्या पहिल्या आठवड्यात लेप दिला गेला. श्रावणात तो पापुद्र्यासारखा हातात आला आणि उलटून पाहिले तेव्हा त्याच्या पाठीवर सिमेंटची करडी भुकटी एकसारखी चिकटलेली होती. लेप चांगलाच होता. तो स्लॅबला धरण्याऐवजी धुळीला धरून बसला होता. तेव्हापासून मी हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये करण्याचा आग्रह धरतो. तारेच्या ब्रशने घासून आणि धुऊन झाल्यावर दीड फुटाचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने स्लॅबवर रात्रभर लावून ठेवावा. सकाळी आतून थेंब दिसले तर स्लॅब अजून ओला आहे, आणि त्या ओलीची दुपारी वाफ होऊन लेपाला फोड येणार. लेप दुपार कलल्यावर द्यावा, कारण सकाळी दिला तर स्लॅब तापताना छिद्रांतली हवा फुगते आणि ताज्या थराला बारीक भोके पाडते.

शेवटचा हात पूर्ण वाळायला आठवडा द्यावा. मग पन्हळीची तोंडे चिंध्यांनी बंद करून गच्चीवर इंचभर पाणी दोन दिवस राहू द्यावे. त्याचा भार चौरस मीटरला २५ किलो एवढाच असतो. माळवद आणि पत्रे यांवर मात्र हा प्रयोग करू नये. तिसऱ्या दिवशी सकाळी खाली येऊन कठड्याखालच्या कोपऱ्यावर उलटा तळहात ठेवावा. तिथला चुना गार लागला तर गवंड्याला मृगाआधी पुन्हा बोलवायला अजून दोन महिने हातात असतात.