वणीच्या खाणीतली शॉवेल आणि रांचीचा कारखाना

विदर्भातल्या वणी, घुग्घूस, राजुरा या कोळसापट्ट्यात शॉवेल मशीन काय असते हे शाळकरी पोरालाही सांगावं लागत नाही. पऱ्हाटीच्या वावरापलीकडे ओबीचे, म्हणजे कोळशावरून हटवलेल्या माती-दगडाचे डोंगर, डोंगरांमागे खोल खाण, आणि खाणीत पोलादी दोरांवर बकेट वर-खाली करणारं सुमारे २०० टनांचं धूड. ही मशीन विजेवर चालते आणि मागे जाड केबल ओढत फिरते. चार-पाच बकेटा टाकल्या की डंपर भरून निघतो. वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीच्या खाणींत अशा ज्या मशीन आल्या, त्यांतल्या बऱ्याच रांचीच्या एचईसीच्या, म्हणजे हेवी इंजिनिअरिंग कॉर्पोरेशनच्या. रांची आमच्यापासून शेकडो कोस दूर आहे, पण तिथल्या कारखान्याला ताप आला की इथल्या वर्कशॉपला कळायचं.

कारखान्याची सुरुवात कोळशासाठी नव्हती, पोलादासाठी होती. ३१ डिसेंबर १९५८ रोजी केंद्र सरकारनं ही कंपनी स्थापन केली. भिलाई, राउरकेला, दुर्गापूरच्या पोलाद कारखान्यांची यंत्रं परदेशातून आणावी लागत होती. पुढचे कारखाने देशातच घडलेल्या यंत्रांवर उभे राहावेत, असा हिशेब होता. त्यासाठी एकाच आवारात तीन कारखाने उभे केले. अवजड यंत्रांच्या कारखान्याला सोव्हिएत संघाची मदत होती, तर फाउंड्री-फोर्ज (धातूचं ओतकाम-घडाईकाम) आणि मशीन टूल्सच्या कारखान्यांना चेकोस्लोव्हाकियाची. १५ नोव्हेंबर १९६३ ला नेहरूंच्या हस्ते हा सगळा पसारा राष्ट्राला अर्पण झाला. त्यासाठी आदिवासींची ७ हजार एकरांहून जास्त जमीन गेली, हे मात्र त्या समारंभाच्या आठवणींत फारसं सांगितलं जात नाही.

मला यातली खरी गोम पुढे दिसते. दरवर्षी दहा लाख टनांच्या एका पोलाद कारखान्याची यंत्रं घडवता येतील, अशी एचईसीची क्षमता बांधली गेली. म्हणजे दरवर्षी एक नवा पोलाद कारखाना निघणार, हे गृहीतच धरलं होतं. आणि नेमकं तेच झालं नाही. १९६२ आणि १९६५ ची युद्धं, दुष्काळ, रुपयाचं अवमूल्यन, आणि मग १९६६ ते १९६९ पंचवार्षिक योजनेलाच सुट्टी. बोकारोच्या पोलाद कारखान्याची बरीचशी यंत्रं रांचीत घडली, आणि चांगली घडली. पण बोकारोसारखं काम दरसाल येईना. सांडव्याएवढी वाट बांधून ठेवली अन् पाणी आलं पाटाएवढं. खर्च मात्र सांडव्याचाच राहिला. हजारो कामगार, प्रचंड भट्ट्या, वसाहत, दवाखाने, शाळा. आळशी कामगारांनी कारखाना बुडवला, असं आजही सर्रास बोललं जातं. मला ते पटत नाही. सुरुवातीची वर्षं या कारखान्याला त्याच्या मापाचं कामच मिळालं नव्हतं.

अशा वेळी कोळसा आला. १ मे १९७३ ला उरलेल्या खासगी कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, १९७५ मध्ये कोल इंडिया स्थापन झाली आणि नागपुरात वेकोलिचं मुख्यालय आलं. वर्धा खोऱ्यात खाणकाम जुनंच; वरोऱ्याची खाण इंग्रजांनी १८७० च्या दशकात सुरू केलेली. पण ते काम मुख्यतः भुयारी होतं. राष्ट्रीयीकरणानंतर वरची माती आणि दगड हटवून खुल्या खाणींतून कोळसा काढण्यावर भर आला, आणि त्याला शॉवेल आणि ड्रॅगलाइन (दोरानं बकेट ओढून माती उपसणारी अवाढव्य मशीन) लागू लागल्या. सोव्हिएत धर्तीच्या ४.६ आणि पुढे ५ घनमीटर बकेटच्या शॉवेल एचईसी बनवत होती. पोलादासाठी जन्मलेला कारखाना आता मोठ्या प्रमाणात कोळशावर जगू लागला.

इकडे दोन एकर जमिनीमागे एक नोकरी, या हिशेबानं प्रकल्पग्रस्तांची पोरं खाणीत लागली. काल तिफण धरणारा हात शॉवेलच्या लिव्हरवर आला. ऑपरेटरची पक्की नोकरी म्हणजे घरात पंखा, पोरीचं कॉलेज, गावात मान. एचईसीनं आम्हाला काय दिलं, ते मी असं मोजतो.

मग १९९१ आलं. परदेशी यंत्रं आणणं सोपं झालं, जागतिक निविदा निघू लागल्या. रांचीतली यंत्रसामग्री साठच्या दशकातली. ती बदलायला पैसा नव्हता, खेळतं भांडवल नव्हतं. भांडवल नाही म्हणून माल उशिरा, उशीर म्हणून दंड, आणि दंड म्हणून पुन्हा भांडवल नाही. १९९२ मध्ये प्रकरण आजारी उद्योगांच्या मंडळाकडे गेलं. २००४ मध्ये त्या मंडळानं कंपनी गुंडाळण्याची शिफारस केली. प्रकरण न्यायालयात गेलं, २००५ च्या अखेरीस केंद्रानं पुनरुज्जीवनाचं पॅकेज दिलं आणि काही वर्षं नफाही दिसला. तो टिकला नाही.

खाणीतही काळ बदलला. ओबी काढण्याचं काम कंत्राटावर जाऊ लागलं. कंत्राटदाराला दोनशे टनांची मशीन परवडत नाही. त्याला डिझेलवर चालणारं, आज इथं तर उद्या तिथं नेता येणारं हायड्रॉलिक एक्स्कॅव्हेटर हवं, सोबत टिप्परची रांग. जुन्या शॉवेल एकेक करून सर्व्हे ऑफ, म्हणजे निकामी ठरवून मोडीत जात गेल्या. त्या चालवणारे निवृत्त होत गेले, आणि कंत्राटी ऑपरेटरच्या पदरी तसली पक्की नोकरी कधी आलीच नाही.

२०२३ च्या जुलैत चंद्रयान-३ श्रीहरिकोटाच्या ज्या दुसऱ्या प्रक्षेपण तळावरून उडालं, त्याची काही अवजड सामग्री वीसेक वर्षांपूर्वी एचईसीनंच घडवून दिली होती. त्याच वर्षी एचईसीच्या कामगार-अधिकाऱ्यांचे वर्षभराहून जास्त पगार थकले होते आणि ते धरण्याला बसले होते. कारखान्याची बरीच जमीन तोवर झारखंड सरकारकडे गेली होती. तिथं आता विधानसभेची नवी इमारत उभी आहे.