जुन्या फोर्कच्या पोटातलं रसायन

1990 च्या दशकातल्या माउंटन बाइकचा पुढचा फोर्क (पुढचं चाक धरणारा, धक्के झेलणारा दुहेरी सांगाडा) खोलला, की बहुतेक वेळा धातू धडधाकट निघतो. गेलेलं असतं ते रबर. रॉकशॉक्स कंपनीचा 1995 सालचा ‘जूडी’ हा याचा चांगला नमुना. त्यात पोलादी स्प्रिंगऐवजी दांडीवर ओवलेली पॉलियुरेथेन फोमची नळकांडी होती. आज वरचं झाकण फिरवून ती दांडी ओढली, तर बोटाला तारा सुटतील असा चिकट लगदा हाती येतो. बाइक वर्षानुवर्षं भिंतीला टेकून उभी असली तरीही.

हे झिजण्यामुळे झालेलं नसतं. पॉलिएस्टर जातीच्या पॉलियुरेथेनमधले एस्टर बंध हवेतल्या ओलाव्याने हळूहळू तुटतात. तुटताना आम्ल तयार होतं आणि ते आम्ल पुढच्या तुटीचा वेग वाढवतं. म्हणून फोम बराच काळ ठीक दिसतो आणि मग थोड्याच दिवसांत कोसळतो. कपाटात न वापरता ठेवलेल्या बुटांचा सोल एका पावसाळ्यात भुगा होतो, त्यामागेही हीच अभिक्रिया आहे. आपल्याकडच्या दमट हवेत तर तिला मोकळं रानच मिळतं.

मग फोम काढून पोलादी स्प्रिंग बसवायची, हा उपाय सरळ वाटतो आणि तो चांगलाही आहे. पण स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर चालतो. तार फक्त 10 टक्के जाड घेतली, तर स्प्रिंग सुमारे 46 टक्के कडक होते. दुसरी गोष्ट अनेकांना उलटी वाटते: स्प्रिंग कापली की ती मऊ होत नाही, कडक होते. तेवढंच दाबायचं काम कमी वेढ्यांवर पडतं. वेढे निम्मे केले तर कडकपणा दुप्पट. त्यामुळे बसत नाही म्हणून करवत लावण्याआधी जाडी, व्यास आणि वेढे मोजून घ्यावेत. बाइकवर नेहमीच्या कपड्यांत बसल्यावर फोर्क एकूण चालीच्या (तो जास्तीत जास्त जितका दबतो त्या अंतराच्या) साधारण 15 ते 25 टक्के खाली बसला, तर निवड बरोबर आहे.

खरी गोम यापुढे आहे. फोम दाबला की दिलेली सगळी ऊर्जा तो परत देत नाही. काही भाग आतल्या आत उष्णता होऊन जातो. पोलाद मात्र जवळजवळ सगळी परत करतं. म्हणजे फोम गेला की धक्का जिरवण्याचं त्याच्या वाट्याचं काम तेलावर येतं. ते तेल असतं डॅम्पर कार्ट्रिजमध्ये: छिद्रांच्या पिस्टनमधून तेल रेटलं जातं आणि त्या घर्षणात उसळी मरते. जूडीच्या कार्ट्रिजची सील गळण्यासाठी बदनाम होती. कार्ट्रिज रिकामं ठेवून नुसती स्प्रिंग बदलली, तर चाक प्रत्येक दगडावरून उडतं आणि उतारावर हँडल हातात राहत नाही. माझं मत ठाम आहे: दोन्ही कामं एकदमच करावीत, नाहीतर फोर्क खोलूच नये.

कार्ट्रिज तपासणं अवघड नाही. दांडा हाताने आतबाहेर करा. चालीच्या सुरुवातीला काहीच अडथळा नसेल आणि मग एकदम जोर लागत असेल, तर आत हवा शिरली आहे. तेल भरताना डब्यावरच्या ‘5 डब्ल्यूटी’ (तेल किती घट्ट ते सांगणारा ढोबळ क्रमांक) यावर विसंबू नका. तेच लिहिलेल्या एका तेलाची श्यानता, म्हणजे घट्टपणा, 40 अंश सेल्सिअसला 16 सेंटिस्टोक्सच्या (श्यानतेचं एकक) आसपास असते, दुसऱ्याची 25 च्या पुढे. सेंटिस्टोक्सचा आकडा बघूनच तेल घ्यावं.

ओ-रिंग (गोल रबरी कडी) आणि ऑइल सील नायट्राइल रबरच्या घ्याव्यात. खनिज तेलात त्या टिकतात. इपीडीएम रबर त्याच तेलात फुगून निकामी होतं, दिसायला दोन्ही सारखीच काळी असली तरी. आतल्या नळीवर नख फिरवून बघा: नख अडकलं, तर तो ओरखडा नवी सीलही कापणार. बुश (नळ्या एकमेकींत सरकतात तिथल्या आतल्या कड्या) ढिले झालेत का हे पाहायला पुढचा ब्रेक दाबून बाइक पुढेमागे हलवा आणि दोन नळ्यांच्या जोडावर बोट ठेवा. खटका तिथे जाणवला तर बुश, वर जाणवला तर हेडसेट (हँडलखालचं बेअरिंग).

स्प्रिंगऐवजी दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या फोर्कचं वरचं झाकण हवा पूर्ण सोडल्याशिवाय कधीही खोलू नये.

आणि क्राउनवर (दोन्ही नळ्या जोडणारा वरचा भाग) किंवा स्टिअररच्या (क्राउनमधून वर हँडलकडे जाणारी नळी) मुळाशी केसाएवढी जरी चीर दिसली, तर तो फोर्क दुरुस्त करू नका. पोलादाला थकव्याची एक मर्यादा असते, तिच्याखालचा ताण ते जवळपास कितीही वेळा सोसतं. अ‍ॅल्युमिनियमला तशी मर्यादा नाही; लहान धक्केही त्यात साठत जातात, आणि नवी स्प्रिंग बसवल्याने ती चीर वाढायची थांबत नाही.