जाहिरात कानावर का आदळते? लाउडनेस मीटरची पार्श्वभूमी

मालिका चालू असताना मध्येच जाहिरात लागते आणि घरात कुणीतरी धावत रिमोट शोधतं. हा अनुभव जुना आहे. पण ध्वनिमुद्रकाच्या जुन्या मीटरवर पाहिलं, तर मालिका आणि जाहिरात दोन्ही मर्यादेतच दिसत. चूक कानाची नव्हती. मीटर वेगळंच काहीतरी मोजत होता.

१९३९ मध्ये अमेरिकेत बेल लॅबोरेटरीज ही संशोधन संस्था आणि सीबीएस, एनबीसी या प्रसारण कंपन्या यांनी मिळून व्हीयू (व्हॉल्यूम युनिट) मीटर ठरवला. त्याचा काटा मुद्दाम संथ ठेवला होता, वर पोहोचायला त्याला सुमारे ३०० मिलिसेकंद लागत. ड्रमचा झटपट ठोका त्याच्या हाती पुरता लागतच नसे. ब्रिटनमध्ये बीबीसीने त्याच सुमारास पीक मीटर, म्हणजे आवाजाची शिखरं दाखवणारा मीटर, आणला. तो चटकन वर जाई आणि सावकाश खाली येई, कारण त्यांना अचानक उसळणाऱ्या आवाजापासून ट्रान्समीटर (प्रक्षेपण यंत्र) सांभाळायचा होता. दोन्ही मीटर विजेची पातळी दाखवत. कान सगळ्या स्वरांना सारखाच दाद देत नाही, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं होतं. तरी ते ज्ञान रोजच्या मीटरपर्यंत यायला फार वर्षं गेली.

१९८२ मध्ये सीडी आली आणि आवाजाला पक्कं छत मिळालं: शून्य डेसिबल, त्यावर काही नाही. मग स्पर्धा छताखालची जागा ठासून भरण्याची झाली. नव्वदच्या दशकात संगणकावरचे लिमिटर, म्हणजे आवाज ठरावीक मर्यादेवर रोखणारे प्रोग्रॅम, आले. शिखरं छाटायची आणि उरलेलं सगळं वर उचलायचं. पीक, म्हणजे सर्वांत उंच शिखर, तेवढाच राहतो, गाणं मात्र जास्त मोठं ऐकू येतं. जाहिरातवाल्यांचीही हीच युक्ती.

उत्तर मिळालं २००६ मध्ये, आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीएस.१७७० या शिफारशीत. आधी आवाज एका फिल्टरमधून जातो: खालचा खर्ज कमी होतो, साधारण दोन किलोहर्ट्झच्या वरचा भाग थोडा उचलला जातो. मग सरासरी ऊर्जा मोजायची. इतकं साधं गणित माणसांच्या ऐकण्याशी एवढं जुळेल, याचं मला आजही नवल वाटतं.

एक अडचण उरली होती. नाटकात कुजबुज असते, शांतता असते; ती सरासरी खाली ओढते. जाहिरातीत शांतता जवळपास नसतेच. म्हणून युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने २०१० च्या आर१२८ या शिफारशीत 'गेट' आणला: फार हळू आवाजाचे भाग सरासरीत धरायचेच नाहीत. लक्ष्य ठरलं उणे २३ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं, म्हणजे लाउडनेसचं एकक; शून्य म्हणजे ते डिजिटल छत). माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत शहाणं पाऊल हेच, कारण मोजमाप प्रेक्षक लक्ष देऊन ऐकतो त्या भागावर आलं. पुढे २०११ मध्ये गेट बीएस.१७७० मध्येही आला.

अमेरिकेने डिसेंबर २०१० मध्ये जाहिरातींच्या आवाजाविरुद्ध 'काम' (इंग्रजीत CALM) नावाचा कायदा केला आणि दोन वर्षांनी तो लागू झाला. आपल्याकडे केबल टेलिव्हिजन नियम, १९९४ मध्येही जाहिरातीचा आवाज अवाजवी मोठा नसावा, असं म्हटलं आहे. पण 'अवाजवी' म्हणजे किती, याचा आकडा त्या वाक्यात नाही.

संगीतात बदल स्ट्रीमिंगमुळे झाला. स्पॉटिफाय साधारण उणे १४ एलयूएफएस धरून चालते. उणे ८ वर ठासलेलं गाणं ऐकवताना ते सहा डेसिबलने खाली घेतलं जातं. छाटलेली शिखरं मात्र परत येत नाहीत.